कुलाब्याचे रेल्वेस्थानक : भरावातून उदय, भरावातच अस्त

मराठीत किल्ल्यांवर पुष्कळ लिहिले गेले, देवस्थानांवर लिहिले गेले, घराण्यांच्या कैफियती व बखरी तर विपुल आहेत. परंतु ज्या ठिकाणी उतरून मराठी माणसाने शतकाहून अधिक काळ आपले नशीब आजमावले, त्या रेल्वेस्थानकांकडे आपल्या इतिहासलेखनाची दृष्टी क्वचितच वळली आहे. किल्ला पडला तरी त्याचे चिरे राहतात, आणि चिरे राहिले म्हणजे कोणी तरी जिज्ञासू त्यांच्यापाशी घटकाभर थांबतो. स्थानक बंद पडले की रूळ उखडले जातात, लोखंड मोडीत निघते, जमीन दुसऱ्या कामास लागते, आणि दोन पिढ्यांच्या आत तेथे कधी काळी आगगाडी येत होती ह्याचेच लोकांस विस्मरण पडते. मुंबईच्या दक्षिण टोकास अगदी समुद्रकाठी असलेले कुलाब्याचे स्थानक हे अशा विस्मृतीचे ठळक उदाहरण होय. त्याची हकीकत प्रस्तुत लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. कुलाबा म्हटले म्हणजे इतिहासाच्या वाचकास प्रथम आठवतो तो अलिबागेसमोरचा आंग्र्यांचा जलदुर्ग, आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा, १९८१ पासून रायगड म्हणविला जाणारा जिल्हा. आमचा विषय तो कुलाबा नव्हे. मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकी अगदी दक्षिणेकडील जे चिंचोळे बेट, ते हे कुलाबा. १८३८ साली बांधलेल्या रस्त्याने ते मुंबईस कायमचे जोडले गेले, आणि १८४४ साली कापसाचा मोठा बाजार कोटासमोरील मैदानातून उठून येथे आला. कोळ्यांची वस्ती, फौजेची छावणी आणि कापसाचे गठ्ठे, असे त्या काळच्या कुलाब्याचे रूप होते. ह्यांपैकी कापूस आणि फौज ही दोन आगगाडीस तेथवर खेचून नेणारी होती.

ती आगगाडी मुंबईची नव्हे, गुजराथेकडून आलेली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, अर्थात लोकांच्या तोंडची बी. बी. सी. आय., ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली. बोरीबंदर ते ठाणे हा पहिला लोहमार्ग १८५३ साली सुरू करणारी जी. आय. पी. कंपनी मुंबईहून बाहेर निघाली, बी. बी. सी. आय. बाहेरून मुंबईत शिरली. १८६० साली अंकलेश्वर व उत्राण ह्यांच्यामध्ये तिची पहिली गाडी धावली. १८६१ च्या आरंभी ती बडोद्यास पोहोचली, १८६३ साली अहमदाबादेस, आणि नर्मदा, तापी व वसईची खाडी ओलांडून १८६४ च्या नोव्हेंबरात मुंबईस ग्रँट रोडपर्यंत आली. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. मुंबईवरील ह्या पहिल्या मराठी ग्रंथानंतर लवकरच शहरात शिरण्याची एक सर्वस्वी नवी वाट उघडली, असे म्हणावयास हरकत नाही.

बडोदे व इंदूर येथील मराठी समाजाचा ह्या कंपनीशी निकटचा संबंध आहे. बडोद्याचे तर नावच तिच्या नावात होते. खंडेराव गायकवाडांनी डभोई ते मियागाम असा बैलांनी ओढावयाचा अरुंद लोहमार्ग १८६२ साली घातला, तो ह्याच कंपनीच्या मार्गास येऊन मिळत असे. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा ते इंदूर ह्या मार्गासाठी १८७० साली एक कोट रुपयांचे कर्ज सरकारास दिले. तो मार्ग राजपुताना-माळवा रेल्वेत सामील होऊन १८८५ पासून बी. बी. सी. आय.च्याच व्यवस्थेखाली आला. सयाजीरावांच्या दीर्घ कारकीर्दीत बडोद्यास जे कारकून, शिक्षक, वकील व विद्वान महाराष्ट्रातून गेले, त्यांची जाण्यायेण्याची वाट प्रायः हीच. गिरगावात जाणारा मराठी उतारू बहुधा ग्रँट रोड किंवा चर्नी रोड येथेच उतरून जाई. परंतु गाडी कोठे संपते, तर कुलाब्यास, हे बडोद्याच्या फलाटावरील प्रत्येकास ठाऊक होते.

आता मूळ प्रश्न असा की, ग्रँट रोडपर्यंत आलेली गाडी समुद्राच्या टोकापर्यंत गेली कशी? ह्याचे उत्तर रेल्वेच्या इतिहासात कमी आणि जमिनीच्या इतिहासात अधिक सापडते. कोटाच्या पश्चिमेस बॅकबेचा उघडा किनारा होता. कंपनीस कुलाब्याच्या कापसाच्या बाजारापर्यंत मार्ग न्यावयाचा होता. परंतु शहर आणि समुद्र ह्यांच्यामध्ये तेवढी रुंद जमीन नव्हती. ती समुद्रातूनच काढावी लागणार होती. नेमक्या ह्याच वेळी १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशास वाट हवी होती. बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली ती ह्या पुरातून. तिने समुद्र हटवून भराव घालावा, रेल्वेस लागेल ती जमीन पुरवावी, आणि उरलेली जमीन बंगल्यांसाठी विकून नफा करावा, असा बेत होता. प्रेमचंद रायचंदांसारखे धनी पाठीशी होते. पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. जी जमीन अद्याप पाण्याखाली होती तिच्यावर शहरातील लहानमोठ्या माणसांनी घरेदारे गहाण टाकली!

१८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील युद्ध संपले. १ जुलै १८६५ हा वायद्याचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी मुंबईच्या श्रीमंतीचा डोलारा कोसळला. बॅकबे कंपनी बुडाली, तिच्याबरोबर कित्येक पेढ्या बुडाल्या, आणि १८६८ साली खुद्द बँक ऑफ बॉम्बेही मोडली. मात्र भराव जेवढा पडला होता तेवढा राहिला. तो सरकारजमा झाला, आणि त्याच्याच पट्टीवरून रेल्वे दक्षिणेकडे सरकू लागली. १८६६ साली ती बॅकबेपर्यंत आली, १८७० साली चर्चगेट स्थानक उघडले, आणि १८७३ साली कुलाब्यास उतारूंची गाडी येऊ लागली. शेकडो कुटुंबांच्या दिवाळखोरीतून जे काही टिकाऊ निपजले, त्यांतील एक हा लोहमार्ग होय. स्थानकाच्या पायाखाली वाळू व मुरूम होता, आणि त्याखाली १८६५ सालची बुडित खाती होती.

१८७३ सालचे हे स्थानक तात्पुरते म्हणून उभारलेले होते. ते तसेच तेवीस वर्षे चालले. दरम्यान भोवतालचे शहर झपाट्याने बदलत गेले. १८७४ च्या मे महिन्यात घोड्यांची पहिली ट्राम कुलाब्याहूनच पायधुणीकडे निघाली. १८७५ साली ससून गोदी झाली. ओव्हल मैदानाच्या पूर्व बाजूस सचिवालय, विश्वविद्यालय व उच्च न्यायालय ह्यांच्या भव्य दगडी इमारती उभ्या राहिल्या. आज त्या इमारतींसमोर मैदान आणि मैदानापलीकडे घरांची सलग रांग दिसते. त्या काळी मैदानापलीकडे लोहमार्ग होता आणि लोहमार्गापलीकडे समुद्र. गुजराथेकडून येणाऱ्या उतारूस चर्नी रोड सोडल्यापासून उजव्या हातास पाणी आणि डाव्या हातास शहर, असे दृश्य थेट कुलाब्यापर्यंत लाभत असे.

कायम स्वरूपाची इमारत झाली ती १८९६ साली. ह्या सालाचे स्मरण मुंबईस वेगळ्याच कारणाने आहे. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगाची साथ उद्भवली आणि लोक मिळेल त्या वाहनाने शहर सोडू लागले. शहरात येणाऱ्यांच्या सोयीसाठी बांधलेले नवे स्थानक उघडते न उघडते तोच शहरातून पळणाऱ्यांची रीघ लागली, हा योगायोग विलक्षण खरा. प्लेगाच्या पाठोपाठ १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि त्याने कुलाब्याच्या पश्चिम किनाऱ्यावर आणखी भर घालून कफ परेडचा रस्ता काढला. स्थानकाभोवतीचा समुद्र अशा रीतीने हळूहळू मागे हटू लागला होता.

पुढील तीस वर्षे कुलाब्याच्या भरभराटीची होत. भडोच-सुरतेकडील कापूस गाडीतून थेट बाजाराच्या दाराशी उतरे. छावणीतील पलटणींची ने-आण होई. लांब पल्ल्याच्या गाड्या येथून सुटत आणि उपनगरांच्या गाड्याही येथेच येऊन थांबत. मराठी वाचकाच्या अंतःकरणाशी निगडित असा एक प्रसंगही ह्या लोहमार्गाशी जोडलेला आहे. २२ जुलै १९०८ रोजी रात्री उच्च न्यायालयाने लोकमान्य टिळकांस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. लोक जमण्यापूर्वीच त्यांस खास गाडीने अहमदाबादेच्या साबरमती तुरुंगाकडे नेण्यात आले, ते ह्याच कंपनीच्या मार्गाने. दुसऱ्या दिवसापासून गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९२० च्या १ ऑगस्टला लोकमान्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे दहन झाले ते चौपाटीच्या वाळूवर, ज्या किनाऱ्याच्या कडेकडेने कुलाब्याच्या गाड्या धावत होत्या त्याच किनाऱ्यावर. शहराचा हा पश्चिम किनारा त्या काळी सर्वांचा होता. गर्दी सामावून घेईल एवढा तो उघडा होता.

परंतु ह्याच १९२० साली कुलाबा स्थानकाच्या अखेरीची बीजे पेरली गेली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड ह्यांनी मुंबईच्या विस्तारासाठी एक स्वतंत्र विकास खाते काढले. मुंबईकर ज्यांस आजही बी. डी. डी. चाळी म्हणतात त्या ह्याच खात्याच्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी, आणि त्यांत कामगाराच्या कुटुंबास सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली. ह्याच खात्याचा दुसरा, अधिक महत्त्वाकांक्षी उद्योग म्हणजे बॅकबे समुद्रातून ११४५ एकर जमीन काढण्याचा. एका हाताने गिरणगावातील मराठी मजुरासाठी एक खोली मोजून द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने धनिकांच्या हवेल्यांसाठी समुद्र बुजवावयाचा, असा हा एकाच कचेरीतील दुहेरी कारभार होता. दोन्ही कामांचे हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहण्याचे काम आपल्या अभ्यासकांनी अवश्य करावे.

१८६५ चा धडा सरकारने घेतला होता असे दिसत नाही. बंदराच्या बाजूचा गाळ यंत्राने उपसून नळांवाटे बॅकबेत सोडावयाचा, अशी योजना होती. यंत्राचा उपसा अंदाजापेक्षा फार कमी पडला, घातलेला गाळ बांधातून झिरपून पुन्हा समुद्रात जाऊ लागला, आणि खर्च मात्र वाढत गेला. खुर्शेद नरिमन ह्यांनी ह्या कारभारावर कडक टीकेचा भडिमार केला. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला. त्यातून ते निर्दोष सुटले आणि शहराचे लाडके पुढारी ठरले. १९२६ साली चौकशी समिती बसली. अखेर योजनेस कात्री लागली, आणि मूळ संकल्पाच्या निम्म्याहूनही कमी जमीन प्रत्यक्षात हाती आली.

जमीन कमी आली, परंतु जी आली तिच्या विक्रीतून झालेला खर्च भरून काढण्याची निकड वाढली. येथे कुलाब्याचा लोहमार्ग आड आला. जुने शहर आणि नवी जमीन ह्यांच्यामध्ये रुळांची पट्टी चर्चगेटपासून दक्षिणेकडे सलग पसरलेली होती. नव्या भूखंडांस शहराचे रस्ते जोडावयाचे तर रूळ तरी खाली हवेत वा नाहीसे तरी व्हावयास हवेत. रेल्वेस जेथवर आणण्यासाठी पहिला भराव घातला गेला, तेथून तिला हुसकण्यास दुसरा भराव कारण झाला. जी जमीन समुद्रकाठची म्हणून स्वस्तात रुळांस मिळाली होती, ती समुद्र दूर जाताच रुळांसाठी फार महाग ठरली.

ह्याच सुमारास कुलाब्यास एक मोठा आधारही तुटला. कापसाचा बाजार शिवडीस हलला. तेथील नवी इमारत १९२५ साली उघडली. गंमत अशी की बाजाराबरोबर त्याचे ‘कॉटन ग्रीन’ हे नावही तिकडे गेले, आणि आज ते हार्बर मार्गावरील एका स्थानकास चिकटलेले आहे. तथापि केवळ माल गेला म्हणून कुलाबा बंद पडले, असे म्हणता येत नाही. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेवर चालू झाला. त्याच वर्षी पेशावरकडे जाणारी सुप्रसिद्ध फ्रंटियर मेल कुलाब्याहून सुटू लागली. मरणोन्मुख स्थानकावर कोणी विजेच्या तारा चढवीत नाही, आणि देशाच्या वायव्य टोकाकडे जाणारी नवी गाडीही तेथून सोडीत नाही. स्थानक धडधाकट होते. त्याची जागा तेवढी दुसऱ्यास हवी होती.

पुढील घटना त्वरेने घडल्या. बेलासिस रोडजवळ लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी नवे स्थानक बांधण्याचे ठरले. क्लॉड बॅटली ह्यांच्या आराखड्याप्रमाणे ते अवघ्या एकवीस महिन्यांत उभे राहिले, आणि १८ डिसेंबर १९३० रोजी बॉम्बे सेंट्रल ह्या नावाने उघडले. तेरा दिवसांनी, ३१ डिसेंबर १९३० च्या मध्यरात्री, कुलाबा स्थानक कायमचे बंद झाले. विजेच्या गाड्या तेथे तीन वर्षेही धावल्या नाहीत. कायम स्वरूपाच्या म्हणून बांधलेल्या इमारतीचे आयुष्य चौतीस वर्षांचे ठरले. तात्पुरते म्हणविणारे पहिले स्थानक तेवीस वर्षे टिकले होते. ‘कायम’ व ‘तात्पुरते’ ह्या सरकारी शब्दांचे मोल ह्याहून चांगले कोणता कोश सांगेल?

गाडी चर्चगेटपाशी थांबू लागली. चर्चगेट हे वास्तविक वाटेवरचे एक ठाणे. ते अनायासे शेवटचे झाले. ज्या दरवाजावरून त्याचे नाव पडले तो कोटाचा दरवाजा तर स्थानकापूर्वीच, १८६० नंतरच्या दशकात, तटाबरोबर पाडला गेला होता. दरवाजा नाही पण त्याचे नाव लाखो लोकांच्या तोंडी रोज आहे. कुलाबा आहे, वस्ती आहे, परंतु कुलाबा ‘स्टेशन’ म्हटले तर आज कोणी ओळखणार नाही. नावांचा असा उलटसुलट व्यवहार मुंबईत ठिकठिकाणी आढळतो. ज्या नरिमनांनी बॅकबेच्या भरावावर आयुष्यातील उमेदीची वर्षे टीका केली, त्यांचेच नाव पुढे १९६० नंतर घातलेल्या नव्या भरावास मिळाले आणि ‘नरिमन पॉईंट’ म्हणजे महाग जमीन असा त्याचा अर्थ रूढ झाला. ह्यास गौरव म्हणावे की विडंबन, ते वाचकांनीच ठरवावे.

रूळ उखडल्यावर ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस १९३० नंतर नव्या धाटणीच्या इमारतींची रांग उभी राहिली. पूर्वेकडील दगडी इमारती व पश्चिमेकडील ही रांग मिळून २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. तो मान यथार्थच आहे. परंतु दोन्ही रांगा पाहणाऱ्यास त्यांच्यामध्ये सुमारे साठ वर्षे धावलेल्या आगगाडीची आठवण करून देणारे तेथे काहीही नाही. स्थानकाच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. रेल्वे मंडळाचे पहिले भारतीय अध्यक्ष फतेहचंद बधवार ह्यांचे नाव तिला दिलेले आहे. सबंध देशास हे नाव परिचित झाले ते मात्र २६ नोव्हेंबर २००८ रोजी, जेव्हा समोरच्या मच्छीमारांच्या किनाऱ्यावर अतिरेकी होडीतून उतरले. भराव कितीही पडो, समुद्र अद्याप तेथून फार दूर गेलेला नाही, ह्याचे ते भयंकर स्मरण होते.

आणि आता ह्या कथेस एक नवे पान जोडले गेले आहे. १९३० च्या त्या मध्यरात्रीनंतर चर्चगेटच्या दक्षिणेस ट्रामा धावल्या, त्या बंद झाल्यावर बसगाड्या राहिल्या. रुळांवरची गाडी मात्र आली नव्हती. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात भुयारी मेट्रोचा तिसरा मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाला आणि सुमारे पंचाण्णव वर्षांनी आगगाडी पुन्हा त्याच टोकाकडे गेली. ह्या वेळी ती जमिनीच्या पोटातून गेली. उतारूस समुद्र दिसत नाही, उजवा हात नाही, डावा हात नाही. मार्गाची गरज होतीच, हे अशा रीतीने शतकानंतर मान्य झाले; आणि जो मार्ग तयार होता तो मोडून तोच पुन्हा किती कष्टाने व किती खर्चाने खणावा लागला, हेही सिद्ध झाले.

ह्या हकीकतीवरून आम्हांस जे सुचवावयाचे आहे ते थोडक्यात असे. स्थानकाचा इतिहास म्हणजे गाड्यांच्या वेळापत्रकाचा इतिहास, अशी समजूत असेल तर ती सोडली पाहिजे. कुलाब्याच्या बाबतीत उगम व शेवट ह्या दोहोंचे कारण जमिनीच्या व्यवहारात आहे, आणि त्या व्यवहारात किनाऱ्यावर ज्यांचा नित्याचा वावर होता त्या कोळ्यांस, कामगारांस वा उतारूंस दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. १८६४ साली सटोडियांनी ठरविले, १९२० साली सरकारने. मधल्या काळात आगगाडीने तो किनारा लक्षावधी लोकांस तिकिटाच्या दरात दाखविला, एवढीच त्यांची मिळकत.

आमच्या वाचकांत शिक्षक बहुसंख्य आहेत, म्हणून आणखी एक विनंती. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, गोमंतक, जेथे जेथे मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदला, तेथे तेथे बंद पडलेला एखादा फाटा, ओस पडलेला एखादा फलाट असतोच. तो कोणी घातला, जमीन कोणाची होती, कोणता माल तेथे उतरे आणि तो का बंद झाला, एवढे चार प्रश्न विद्यार्थ्यांनी गावातील वृद्धांस व दप्तरखान्यास विचारले, तर आपल्या समाजाच्या स्थलांतराचा जो इतिहास बखरीत नाही तो हाती लागेल. कुलाब्याच्या वेळी तसे विचारणारे फारसे कोणी नव्हते. इतरत्र अजून वेळ गेलेली नाही.